सुजाताला विचारायचं राहून गेलं

यशूच्या पायांवरचे डाग आधी सुजाताला दिसले. शाळेला सुट्टी होती आणि धाकट्या बहिणीला अंघोळ घालायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. मोरीतून ओरडून तिनं विचारलं, "आई, यशू कुठं पडली होती का गं? पाय निळे झालेत."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "पडली असेल. एका जागी बसते का ती?"

दोन दिवसांनी दात घासताना यशूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि ते थांबेचना. तेव्हा मी तिला उचललं आणि कॉलनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. दुपारी लॅबमधून फोन आला. मी सहज विचारलं, "रिपोर्ट संध्याकाळी न्यायला येऊ का?"

"नाही मॅडम, आत्ताच या. बाळालाही आणा. आणि एक करा, तिला पडू देऊ नका."

आजाराचं नाव मला पुढं आठवडाभरानं कळलं. पण माझी भीती सुरू झाली ती या वाक्यापासून. यशू त्या वेळी पलंगावर उड्या मारत होती.

आम्ही चौघं. यशू म्हणजे यशोधरा, तेव्हा साडेचार वर्षांची. सुजाता दहाची. मिलिंद, माझा नवरा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशिनवर. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. नाशिकमध्ये कामगारांच्या कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. फार काही नव्हतं, पण उद्या काय होणार ते साधारण ठाऊक असायचं.

मोठ्या हॉस्पिटलात यशूच्या कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढून तपासला. त्या दिवशी खोलीबाहेर मी दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते आणि तरी मला तिचा आवाज येत होता. आठवड्यानं डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. त्या म्हणाल्या, "हाडांच्या आत रक्त तयार होतं ना, तो कारखाना बंद पडलाय समजा."

मिलिंदनं विचारलं, "मॅडम, ब्रेकडाऊन आहे की क्लोजर?"

मशिन बंद पडणं आणि कारखान्याला कायमचं टाळं लागणं, यांतला फरक अंबडच्या माणसाला नीट कळतो.  मॅडम म्हणाल्या, "आपोआप सुरू होईल असं वाटत नाही. दुसऱ्याचा मगज घालून सुरू करावा लागेल. बोन मॅरो ट्रान्सप्लांट. ते मुंबईला."

बाहेर येऊन मिलिंदनं स्कूटरला किल्ली लावली आणि तसाच उभा राहिला. घरी कसं जायचं, हे तो विसरला होता. खरंच विसरला होता. "आता डावीकडं ना?" असं त्यानं मला विचारलं, ज्या रस्त्यानं तो वर्षानुवर्षं कामाला जात होता त्या रस्त्याबद्दल.

*

त्यानंतर घर बदललं. यशूचा ब्रश बंद, हिरड्या ओल्या कापसानं पुसायच्या. कच्चं फळ नाही, बाहेरचं पाणी नाही, पाहुणे नाहीत. टेबलाच्या कोपऱ्यांना मी जुन्या गोधडीचे तुकडे बांधले. शेजारणी दारात उभ्या राहून बोलायच्या, आत कुणी यायचं नाही. ती जोरात हसली की मी आधी तिच्या दातांकडं बघायचे, रक्त दिसतंय का. 

दर आठ-दहा दिवसांनी प्लेटलेट्स द्यायला लागत. हॉस्पिटलात आमची खाट जवळजवळ ठरलेली. सकाळी नऊला जायचं, सलाईनसाठी शीर सापडेपर्यंत यशू रडणार, मग ती पिवळसर पिशवी लागणार आणि दुपारी आम्ही परत. प्लेटलेट्स देणारा माणूस प्रत्येक वेळी नवा शोधावा लागे. मिलिंदच्या शिफ्टमधल्या लोकांनी आपापसात पाळी लावून घेतली. एकजण रात्रपाळी करून, झोप न काढता, थेट रक्तपेढीत आला होता. मी हात जोडले तर म्हणाला, "वहिनी, तेवढाच एक दिवस मशिनपासून सुटका." असं बोलून माणसं आपल्याला थोडा वेळ उभं धरतात. या वर्षातल्या चांगल्या गोष्टी मोजायला बसले तर बहुतेक अशाच निघतील.

मग दाता म्हणून सुजाताची तपासणी झाली आणि ती यशूशी पूर्ण जुळली. सख्ख्या भावंडांतही असं जुळेलच याची खात्री नसते. मिलिंद पेढे घेऊन आला. तिला जवळ घेऊन म्हणाला, "तू वाचवणार आपल्या यशूला."

"कसं?"

"काही नाही गं. इंजेक्शनसारखं असतं."

मी तिथंच उभी होते. ते इंजेक्शनसारखं नसतं, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. डॉक्टर मॅडम तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या, "मोठीचं वजन जरा कमी आहे. वाढलं तर बरं पडेल." आम्ही तिच्या ताटात तूप वाढायला लागलो, एवढंच.

*

ट्रान्सप्लांटचा खर्च ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडं बघण्याचंही टाळत होतो. तेव्हा प्रकाशदादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, सूत्रं हातात घेतली. ते आमच्याच कॉलनीत राहतात, विहाराच्या समितीत आहेत, आणि कामाला लागले की थांबत नाहीत. त्यांनी ठरवलं, पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी विहाराच्या हॉलमध्ये भीमगीतांचा कार्यक्रम घ्यायचा. गायन पार्टी मानधन घेणार नव्हती. महिला मंडळ बाहेर भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा स्टॉल लावणार होतं. शिवाय मदतीचं आवाहन मोबाईलवरून सगळीकडं पाठवायचं.

या सगळ्या बैठका आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर व्हायच्या. मी उंबऱ्याच्या आत, बाकीचे बाहेर. आवाहनाचा व्हिडिओही तिथंच काढला. मी यशूचं नाव घेतलं आणि रडू फुटलं. संपल्यावर दादा म्हणाले, "वंदना, आवाज नीट आला नाही. परत एकदा कर."

मी परत केलं. दुसऱ्यांदा रडताना मला माझीच लाज वाटली. पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. न जाणो, या रडण्यावरच तिचा जीव अवलंबून असेल.

भांडण झालं ते स्टेजवरून. दादांचं म्हणणं, यशूला दोन मिनिटं स्टेजवर आणायचं. "मास्क लावू. लोकांनी पोरीला डोळ्यांनी बघितलं की हात सैल होतो."

"हॉलमध्ये एवढी माणसं असणार दादा. एक खोकला पुरे तिला."

"दोन मिनिटांनी काय होतंय?"

मिलिंद माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "लोक आपल्यासाठी एवढं करतायत वंदना. आपण प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं का?"

"तुम्हाला पोरगी पाहिजे की कार्यक्रम?" मी म्हणाले. लग्नाला तेरा वर्षं झाली, इतकं वाईट मी त्याला कधी बोलले नव्हते. तो उठून निघून गेला आणि मग दोन दिवस आम्ही फक्त औषधांच्या वेळांबद्दल बोललो.

शेवटी दादांनीच मार्ग काढला. यशू नाही, तर सुजाता स्टेजवर येईल. तीच तर मगज देणार. फ्लेक्सवर यशूच्या शेजारी तिचाही फोटो छापला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बहिणीला जीवनदान देणारी वीरकन्या'. फ्लेक्स कॉलनीच्या कोपऱ्यावर लागला. मला हायसं वाटलं. यशूला घराबाहेर न्यावं लागणार नव्हतं, यापलीकडं मी विचारच केला नाही.

*

पुढच्या आठवड्यात माझी आई आली. ती सटाण्याजवळच्या खेड्यात राहते. मास्क लावायला तिनं कुरकुर केली नाही, हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी भांडी आवरताना ती मला म्हणाली, "मोठी पोर काहीच खात नही वं. तुले दिसत नही का?"

मला दिसत नव्हतं. डबा रिकामा येत होता, ताट रिकामं होत होतं. आईनं काही न बोलता सुजाताचं दप्तर माझ्यासमोर ठेवलं. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या होत्या. आजच्या, कालच्या, त्याच्या आधीच्या. खालच्या पोळ्यांना बुरशी आली होती.

सुजाता जिन्यात बसून गृहपाठ करत होती. मी पोळ्या तिच्यासमोर धरल्या. "हे काय आहे?"

तिनं वहीतून मान वर काढली नाही.

"सुजाता, मी विचारतेय."

"वजन नाही वाढलं तर घेणार नाहीत ना?"

"काय घेणार नाहीत?"

"माझी हाडं." मग तिचं एकदम सगळं बाहेर आलं. वर्गातल्या मुलींनी फ्लेक्स बघितला होता. एकीनं सांगितलं होतं की हाडं फोडून आतलं काढून घेतात, मग माणूस कधी चालत नाही. दुसरी म्हणाली, कधीकधी देणाराच मरतो, म्हणून तर वीर म्हणतात. सुजातानं पप्पांना विचारलं होतं, ते इंजेक्शनसारखं म्हणाले होते. "पण इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी कुणाचा फोटो लावतं का आई?"

माझा हात उठला होता. तो उठला होता, हे मी इथं लिहून ठेवते. डोक्यात एकच होतं, हिच्या वजनावाचून तिथं यशू मरेल आणि ही पोळ्या लपवतेय. आईनं मागून माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

मग मी तिथंच पायरीवर बसले. सुजाताही हलली नाही. दहा वर्षांची पोर, कितीतरी दिवस आपण मरणार असं समजून शाळेत जात होती, घरी येऊन यशूला गोष्टी सांगत होती. आणि आम्ही तिला तूप वाढत होतो.

*

मिलिंद कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं हातातली डब्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी तिला खोटं सांगितलं."

"आपण दोघांनी."

दोन दिवसांनी आम्ही चौघं डॉक्टर मॅडमकडं गेलो. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "मी तिच्याशी एकटीशी बोलते. तुम्ही बाहेर बसा. आणि एक आधीच सांगते. ती नाही म्हणाली, तर मी तुम्हाला एवढंच सांगेन की ती दाता म्हणून चालणार नाही. कारण सांगणार नाही. तुम्ही तिला विचारायचंही नाही. कबूल?"

मिलिंद माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. 

त्या बाकावर बसले होते तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही एकदाच वाटली. दुसरे उपाय होते. औषधांवर ठेवून बघायचं, नाहीतर मिलिंदचा अर्धा जुळणारा मगज घ्यायचा. पण त्यांत धोका जास्त, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे दाराच्या आत माझी एक मुलगी दुसरीचं काय होणार ते ठरवत होती आणि ती दुसरी माझ्या मांडीवर बसून "पाणी, पाणी" म्हणत होती. सुजातानं हो म्हणावं असं वाटत होतं. आणि हो म्हणावं असं वाटतंय याचीही भीती वाटत होती. ऑपरेशनच्या टेबलावर सुजाताचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार मी तोवर एकदाही केला नव्हता. तो तिथं पहिल्यांदा आला.

दार उघडलं तेव्हा सुजाताच्या हातात कागद होता. मॅडमनी त्यावर कमरेच्या हाडाचं चित्र काढून दिलं होतं, सुई कुठून जाते, काय निघतं, ते किती दिवसांत परत भरून येतं, सगळं.

"ती तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तिच्या अटी आहेत. तू सांगतेस की मी सांगू?"

सुजाता म्हणाली, "मी स्टेजवर जाणार नाही. आणि मला झोप लागेपर्यंत आईनं हात सोडायचा नाही."

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "भूक लागलीय." वाटेत रिक्षा थांबवून मिलिंद तिच्यासाठी गरम वडापाव घेऊन आला. ती खात होती आणि तो दुसरीकडं तोंड करून बसला होता.

*

दादा चिडले. फ्लेक्स लागला होता, पत्रिकेत नाव छापलं होतं. "लहान पोरीच्या लहरीवर चालायचं का? पैसे कमी पडले तर कोण जबाबदार?"

मिलिंद म्हणाला, "मी." आणि शिडी घेऊन गेला. फ्लेक्स त्यानं स्वतः उतरवला. दुसऱ्या दिवशी तोच परत लावला, सुजाताच्या फोटोचा भाग कापून. जबाबदार मी म्हणाला खरा, पण घरी आल्यावर तो वही घेऊन पैशांचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत बसला. 

कार्यक्रमाच्या दिवशी मी यशूला घेऊन घरीच राहिले. विहारातल्या लाऊडस्पीकरचा आवाज खिडकीतून स्पष्ट येत होता. गाणं लागलं की यशू पलंगावर उभी राहून नाचायची आणि मी दोन्ही हात पसरून तिच्या भोवती फिरायचे, ती पडू नये म्हणून. सुजाता आजीबरोबर स्टॉलवर गेली होती. स्वतःहून. ती परत आली तेव्हा केसांत पीठ होतं. म्हणाली, "माझ्या हातच्या भाकरी पण विकल्या गेल्या. वाकड्या होत्या तरी."

जमलेले पैसे पुरे पडले नाहीत. पण त्या कार्यक्रमामुळं बातमी पसरली. मिलिंदच्या कंपनीतल्या लोकांनी एका दिवसाचा पगार दिला, एका संस्थेनं मोठा हातभार लावला, कोण कुठले लोक मोबाईलवरून पाठवत राहिले. दादा रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. आमच्यावर चिडले, पण एक दिवस बसले नाहीत, हेही सांगायलाच हवं.

*

मुंबईत सुजाताला भूल देताना मी तिचा हात धरून होते. तिनं डोळे मिटले, बोटं सैल झाली, तरी मी सोडला नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आता सोडा ताई." दुपारी ती शुद्धीवर आली तेव्हा मिलिंद जवळ होता, कारण मी तोवर यशूजवळ तिच्या जंतुविरहित बंद खोलीत परत गेले होते. सुजाताला दोन दिवस कंबर दुखली. तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली.

यशूला मगज चढवण्याआधी जी औषधं दिली त्यांनी तिचे केस गेले, तोंडात फोड आले. सुजाताचा मगज एका पिशवीतून आला, साध्या रक्तासारखा दिसणारा. तीन-चार तासांत संपला. मग वाट बघणं. रोज सकाळी रक्त घ्यायचे, रोज पांढऱ्या पेशी शून्याच्या आसपास. दहाव्या दिवशी यशूला ताप भरला आणि उतरेना. डॉक्टर दिवसातून पाच-सहा वेळा यायला लागले. ते आपसात हळू बोलत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्यांकडं बघत होते.

त्या दुपारी सुजाताचा फोन आला. ती आणि मिलिंद जवळच्या धर्मशाळेत राहत होते.

"आई, यशूला ताप आहे ना?"

"आहे."

"माझ्यामुळे?"

"नाही गं."

 मग ती म्हणाली, "यशू बरी नाही झाली, तर तू माझ्याशी बोलशील ना?"

तोवर मी ते शब्द कुणासमोर उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले. म्हटलं, "सुजाता, यशू वाचली नाही तर मी खूप रडेन. तूही रडशील. आपण दोघी मिळून रडू. पण तुझ्यामुळं झालं असं मी कधी म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

"बरं," ती म्हणाली. "पप्पांनी वरणभात आणलाय. मी जेवते."

फोन ठेवून मी यशूच्या खाटेला टेकले.  ती डोळे मिटून होती, श्वास भराभर चालला होता.

ताप चौथ्या दिवशी उतरला. त्यानंतर आठवडाभरानं सकाळच्या सिस्टर रिपोर्ट हातात घेऊन काचेपाशी आल्या आणि बाहेरूनच त्यांनी पांढऱ्या पेशींचा आकडा बोटांनी दाखवला. आकडा लहानच होता. मला तो दोनदा विचारावा लागला. कारखाना सुरू झाला होता.

*

आता आम्ही नाशिकला परत आलोय. यशूला अजून रोज औषधं आहेत, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं असतं. रिपोर्ट मोबाईलवर येतो. तो यायच्या दिवशी शाळेच्या ऑफिसात मी एकच पावती तीनदा लिहिते. धोका संपला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. भीती जाईल तेव्हा जाईल.

हे मी लिहिलं ते ज्यांच्या घरी असंच एक मूल आजारी आहे आणि दुसरं धडधाकट आहे त्यांच्यासाठी. आजारी मुलाकडं सगळं जग बघत असतं. धडधाकट मुलाच्या ताटाकडंही बघत चला. त्याला खरं सांगा. खरं भीतीदायक असतं, पण त्यानं मनात रचलेलं त्याहून भीतीदायक असतं.

गेल्या आठवड्यात प्रकाशदादांचा फोन आला. समितीनं ठरवलंय, पुढच्या कार्यक्रमात सुजाताचा सत्कार करायचा. शाल आणि पुस्तक. "आता तर काही अडचण नाही ना? मी नाव देऊन टाकतो."

"थांबा दादा," मी म्हणाले. "तिला विचारते."

ती आतल्या खोलीत यशूशी पत्ते खेळत होती, दोघींचं काहीतरी वाजलं होतं. मी फोन हातानं झाकून विचारलं. तिनं पत्त्यांतून मान वर न करता सांगितलं, "नको."

"दादा, ती नको म्हणतेय," मी म्हणाले.

"का पण?"

"ते मी विचारलं नाही."